वाळूवरचा माग : वेळासच्या कासवांचं प्रकरण

ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री पाण्यातून वर आली की पुळणीवर तिचा माग राहतो. साधारण पाऊण मीटर रुंदीचा पट्टा, मधोमध पोट घासून सपाट झालेली वाळू आणि दोन्ही कडांना वल्ह्यांसारख्या पायांच्या खुणा. या खुणा समोरासमोर पडत नाहीत. आधी डावी, मग थोडी पुढे उजवी, अशा आळीपाळीने जातात. हिरवं कासव पुढची दोन्ही वल्ही एकदम मारतं, त्यामुळे त्याच्या खुणा जोडीजोडीने दिसतात. म्हणजे कासव डोळ्यांनी न पाहताही कोण येऊन गेलं ते कळतं. पाण्याकडून वर चढणारा एक माग, पाण्याकडे उतरणारा दुसरा, आणि दोन्ही जिथे मिळतात तिथे विस्कटलेली वाळू. कधी मादी वर येते, काहीतरी बिनसतं, आणि अंडी न घालताच ती परत फिरते. तेव्हा माग असतो पण घरटं नसतं. हा फरक ओळखायला नजर लागते. त्या विस्कटलेल्या वाळूत अंडी नेमकी कुठे आहेत हे सांगायला तर सवयीचा हातच लागतो. काठी हलकेच टोचत जायची. घट्ट वाळूत ती अडते आणि एका जागी एकाएकी सैल होऊन आत जाते. तिथे हाताने उकरायचं.

कोकणच्या किनाऱ्यावर ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या होती आणि तिचा उपयोग अंडी काढून नेण्यासाठी व्हायचा. वेळास गावाने कासवांची अंडी वाचवण्याचं काम उभं केलं, त्या प्रकरणात मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट ही, की तिथे ही विद्या वाया जाऊ दिली नाही. तीच नजर, तीच काठी, तीच पहाटेची फेरी कायम राहिली. घरटं सापडल्यावर पुढे काय करायचं, तेवढं बदललं. वेळासबद्दल बोलताना लोक पिल्लांविषयी बोलतात, ते साहजिकच आहे. हे लिखाण मात्र मुख्यतः माग काढणाऱ्यांविषयी आहे.

गाव

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं गाव. सावित्रीची खाडी समुद्राला मिळते तिथे दक्षिणेच्या अंगाला बाणकोट, त्यावरचा हिंमतगड, आणि तिथून पुढे वेळास. खाडीपलीकडे रायगड जिल्हा सुरू होतो आणि हरिहरेश्वर दिसतं. इतिहासात गावाची ओळख नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून. बाकी सगळं कोकणातल्या कुठल्याही गावासारखं : नारळी-पोफळीच्या वाड्या, कौलारू घरं, आंब्याची कलमं, मुंबईला गेलेली तरुण मंडळी. गावातून थोडं चालत गेलं की सुरूचं बन आणि त्यापुढे पुळण.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ऑलिव्ह रिडले म्हटलं की ओडिशाचा किनारा आठवतो : गहिरमाथा, ऋषिकुल्या. तिथे हजारो माद्या काही रात्रींत एकदम किनाऱ्यावर येतात. महाराष्ट्रात तसं होत नाही. इथे मादी एकटीदुकटी येते, नोव्हेंबरच्या सुमारास सुरुवात होते आणि मार्चपर्यंत तुरळक घरटी होत राहतात. एका रात्री एखादं घरटं, मग चार रात्री काहीच नाही. ओडिशात एखाद्या रात्रीची गस्त चुकली तरी बाकीच्या हजारो घरट्यांत ती चूक बुडून जाते. वेळासला एक पहाट चुकली तर त्या रात्रीचं एकुलतं एक घरटं गेलं, म्हणजे शंभर-सव्वाशे अंडी गेली. इथलं काम चिकाटीचं होतं ते यामुळे. चार महिने रोज उठायचं आणि बहुतेक दिवशी रिकाम्या हाताने परतायचं.

टरफलं

चिपळूणची ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था १९९२ पासून काम करत होती. संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी २००२ मध्ये पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडाची घरटी शोधत किनारा पालथा घालत होते. त्या पाहणीत वेळासच्या पुळणीवर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं पडलेली दिसली. गेले होते पक्ष्याच्या मागावर आणि हाती लागलं हे. चौकशी केल्यावर कळलं की इथे कासवं दरवर्षी येतात आणि बहुतेक घरटी माणसांच्या, नाहीतर कुत्र्या-कोल्ह्यांच्या तोंडी जातात.

त्यांच्यापुढे सोपा रस्ता होता तो कायद्याचा. ऑलिव्ह रिडले कासव १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. अंडी नेणं हा तुरुंगवासाचा गुन्हा. पण कायदा होता तेव्हाही अंडी जातच होती. कारण पहाटे चार वाजता पुळणीवर कायद्याचं कोणी नसायचं, अंडी काढणारा असायचा. एखाद्याला धरून दिलं असतं तर गावाने दुसऱ्या दिवसापासून तोंड मिटलं असतं, आणि मग घरटी कुठे आहेत हे चिपळूणहून आलेल्या माणसाला कोणी सांगितलं असतं?

शिवाय काटदरे मंडळींच्या गाठीशी वेगळा अनुभव होता. वेंगुर्ले रॉक्स बेटांवरच्या गुहांमध्ये पाकोळ्यांची घरटी चोरीला जायची, ती तस्करी थांबवण्याचं काम त्यांनी आधी केलं होतं. घरटं वाचवायचं तर त्या जागेशी रोज संबंध असलेली माणसं आपल्या बाजूला हवीत, हे त्यांना पुस्तकात वाचायची गरज नव्हती. म्हणून वेळासला त्यांनी ग्रामपंचायत, गावातली जाणती माणसं आणि वनविभाग यांना बरोबर घेतलं. आणि अंडी काढण्यात ज्यांचा हात बसला होता, त्यांनाच किनाऱ्याच्या रखवालीला ठेवलं. थोडं मानधन दिलं. पुढे या माणसांना ‘कासवमित्र’ हे नाव पडलं.

हे वाचायला सोपं वाटतं, पण जरा त्या माणसाच्या जागी उभं राहून पाहा. कालपर्यंत जी अंडी घरी नेली तर कोणी काही म्हणत नव्हतं, ती आज कुंपणात पुरायची. चारचौघं विचारणार, काय रे, वेड लागलं का? मानधनाची रक्कम एवढी मोठी नव्हती की तिच्यासाठी कोणी चेष्टा सहन करावी. माझं मत असं, की त्याला पहिल्यांदा कोणीतरी ‘जाणकार’ म्हणून विचारलं, याचं वजन पैशापेक्षा जास्त होतं. बाहेरून आलेली शिकलेली माणसं त्याच्या मागे वाळूतून चालत होती आणि विचारत होती, हे कसं ओळखलंस? किनाऱ्यावरच्या माणसाच्या वाट्याला असा प्रश्न फार क्वचित येतो.

चंबू

आता घरटं हलवण्याचं काम जवळून पाहू, कारण सगळं प्रकरण इथे तरतं किंवा बुडतं.

मादी मागच्या वल्ह्यांनी खड्डा खणते. खोली साधारण दीड फूट, आकार चंबूसारखा, तोंड अरुंद आणि पोट मोठं. त्यात अंडी पडतात, पिंगपाँगच्या चेंडूएवढी, पांढरी, टणक नव्हे तर चिवट सालीची, बोटाने दाबलं तर किंचित खळगा पडणारी. मग ती वाळू लोटून खड्डा बुजवते आणि आपलं अंग या कुशीवरून त्या कुशीवर डोलवत पोटाने वाळू ठोकते. चाळीस किलोच्या आसपासचा तो जीव, रात्रीच्या शांततेत त्याचा धप धप आवाज जवळ उभ्या असलेल्याला ऐकू येतो. मग ती समुद्रात निघून जाते. मागे वळून पाहत नाही, परत येत नाही. हे सगळं तासाभरात उरकतं.

इथून घड्याळ सुरू होतं. अंड्यातला जीव काही तासांत सालीच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो. त्यानंतर अंडं उलटं झालं तर तो मरतो. त्यामुळे हलवायचं तर शक्यतो पाच-सहा तासांच्या आत. पहाटेच्या फेरीला एवढं महत्त्व आलं ते यातून. उजाडल्यावर निवांत फिरायला जाणाऱ्या माणसाच्या हातून हे काम होणार नाही.

कासवमित्र आधी वरची कोरडी वाळू बाजूला करतो, मग हाताने हळूहळू ओली वाळू काढतो. फावडं चालत नाही. पहिलं अंडं दिसलं की बोटांनी भोवतालची वाळू सोडवून एकेक अंडं जसं असेल तसंच, न फिरवता, उचलायचं आणि घरट्यातलीच थोडी ओली वाळू घातलेल्या पिशवीत किंवा बादलीत ठेवायचं. मोजायचं. सगळी निघाली की रिकाम्या खड्ड्यात हात घालून खोली मोजायची, पोटाची रुंदी मोजायची. भरतीच्या रेषेच्या वर, जाळीचं कुंपण घातलेल्या जागेत, ज्याला सगळे हॅचरी म्हणतात, तेवढ्याच मापाचा दुसरा चंबू खणायचा. अंडी त्यात त्याच काळजीने ठेवायची, वर आधी ओली वाळू, मग कोरडी. शेजारी पाटी : तारीख, अंड्यांची संख्या, पिल्लं निघण्याचा अंदाज.

मादीने जे पायांनी केलं ते माणसाने हातांनी पुन्हा करायचं असतं. माप चुकलं तर शिक्षा अंड्यांना. खड्डा उथळ झाला तर वाळू तापते, फार खोल झाला तर पिल्लांना वर यायला जड जातं. दोन घरट्यांत अंतर कमी ठेवलं तर एकाची ऊब दुसऱ्याला लागते, कारण शंभर वाढत्या जिवांची स्वतःचीही ऊब असते. एकाच जागी वर्षानुवर्षं अंडी पुरली तर वाळू नासते, बुरशी धरते, म्हणून कुंपणाची जागा किंवा वाळू बदलावी लागते. माझ्या लेखी कासव संरक्षणाची खरी परीक्षा ही आहे. हॅचरी म्हणजे नुसतं कुंपण नव्हे.

उष्णतेचा आणखी एक खेळ आहे. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे अंड्यात ठरलेलं नसतं. वाळूच्या तापमानावर ठरतं. साधारण ३० अंशांच्या आसपास एक उंबरठा असतो. त्याच्या खाली नर जास्त, वर माद्या जास्त. डिसेंबरातल्या थंड वाळूतलं घरटं आणि मार्चच्या उन्हातलं घरटं यांतून वेगवेगळी पिढी निघते. उन्हाळा वाढत चालला तर उशिराच्या घरट्यांत माद्यांचंच प्रमाण वाढणार, आणि त्याहून ताप वाढला तर अंडी आतल्या आत मरणार. कुंपणावर सावलीची जाळी ताणणं हा उपाय साधा वाटतो, पण सावली कधी करायची आणि किती, हा निर्णय घेणारा माणूस एका पिढीत नर किती आणि माद्या किती, ते ठरवत असतो. एवढी मोठी जबाबदारी पुळणीवरच्या गड्यावर येऊन पडते. वाळूत तापमापक पुरून रोज नोंद ठेवणं याला पर्याय नाही.

टोपली

अंडी घातल्यापासून ४५ ते ६० दिवसांत पिल्लं निघतात. दिवस भरत आले की घरट्यावर टोपली उपडी घालतात. निघण्याआधी वरची वाळू किंचित खचते, जाणत्या डोळ्याला तो खळगा दिसतो. आत पिल्लांनी अंडी फोडून सामायिक खटपट सुरू केलेली असते. एक हललं की शेजारचं हलतं, वरची वाळू खाली पडते, तळ उंचावतो, आणि सगळी मिळून वर येतात. एकट्या पिल्लाला दीड फूट वाळू चढणं कठीण.

टोपली उचलली की खाली काळसर करडी, आगपेटीपेक्षाही लहान पिल्लं एकमेकांवर चढत असतात. डोळ्यांवर, पापण्यांवर वाळूचे कण. वजन पंधरा-वीस ग्रॅम. हातात घेतलं तर वल्ही थांबत नाहीत, हवेत पोहत राहतात. पोटाशी अंड्यातल्या बलकाचा थोडा साठा असतो, त्यावर पहिले काही दिवस काढायचे असतात. त्यांना समुद्रापासून काही अंतरावर वाळूत सोडतात, थेट पाण्यात नाही. तेवढं चालू द्यायचं असतं. या किनाऱ्याची ओळख त्यांच्यात या वेळी ठसते असं मानलं जातं. उजळ क्षितिजाकडे तोंड करून ती निघतात. पहिली लाट येते, उलटीपालटी करून परत किनाऱ्यावर टाकते. पुन्हा निघतात. दुसरी लाट नेते.

त्यानंतरचं कोणाला दिसत नाही. मोठं होईपर्यंत जगतं ते हजारात एखादं, असा अंदाज सांगितला जातो.

दोन-तीन दिवसांनी कासवमित्र ते घरटं पुन्हा उकरतो. रिकामी टरफलं मोजतो, न फुटलेली अंडी मोजतो, आत अडकून मेलेली पिल्लं असतील तर तीही. हे काम कोणी पाहायला येत नाही, वासही असतो. पण वहीत ही नोंद नसेल तर हॅचरी चांगली चालली की वाईट, हे कळायला दुसरा मार्ग नाही. समुद्रात किती पिल्लं गेली, हा आकडा सगळे विचारतात. शंभरातली किती आतच राहिली, हे विचारायला हवं.

महोत्सव

२००६ पासून वेळासमध्ये कासव महोत्सव भरू लागला. पिल्लं निघण्याच्या दिवसांत पर्यटकांनी गावात यावं, घरात राहावं, सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर पिल्लं समुद्रात जाताना पाहावीत. हॉटेल नाही, रिसॉर्ट नाही. गावातल्या घरांच्या पडवीत, माजघरात राहण्याची सोय, जेवण घरचं. यातून जे पैसे आले ते घराघरात गेले, आणि मुख्यतः घरातल्या बायकांच्या कष्टातून आले. जेवण त्यांनी रांधलं, अंथरुणं त्यांनी घातली. तोवर कासव हा पुळणीवर फिरणाऱ्या चार पुरुषांचा विषय होता, तो आता चुलीपर्यंत आला. एका घरात पाहुणे उतरतात म्हटल्यावर शेजारच्या घरालाही त्या कुंपणातल्या घरट्यांची चौकशी करावीशी वाटते. अंडी कोणी नेली तर ती आता नुसती सरकारची किंवा संस्थेची चोरी राहत नाही.

पण पिल्लं वेळापत्रक पाळत नाहीत. पुण्या-मुंबईहून रात्रभर प्रवास करून माणसं येतात, पहाटे किनाऱ्यावर जातात, टोपल्या उचलल्या जातात आणि खाली नुसती वाळू. अशा सकाळी यजमानाची खरी कसोटी लागते. मुलाला काय सांगायचं? जे कासवमित्र अशा वेळी घरट्याची पाटी दाखवतात, मादीचा माग कसा असतो ते वाळूवर बोटाने काढून दाखवतात, त्यांचा पाहुणा रिकामा जात नाही. मला वाटतं, महोत्सवाची ताकद त्या बोटाने काढलेल्या मागात आहे.

इथेच मोठी अडचणही आहे आणि ती झाकून चालणार नाही. पिल्लं निसर्गतः बहुधा रात्री बाहेर पडतात. अंधारात घारी-कावळे नसतात, वाळू थंड असते. बाहेर पडल्याबरोबर त्यांच्या अंगात पोहण्याचं एक वेड संचारतं, साधारण दिवसभर ती थांबत नाहीत आणि किनाऱ्याजवळचं माशांचं धोक्याचं पाणी ओलांडून जातात. मध्यरात्री वर आलेली पिल्लं सकाळच्या पाहुण्यांसाठी टोपलीत थोपवली तर ती सगळी ऊर्जा टोपलीतच संपते. मग समुद्रात जातं ते दमलेलं पिल्लू, तेही उजेडात, आणि रोज त्याच जागी, जिथे माशांना आणि पक्ष्यांना एव्हाना सवय झालेली असते. कुठल्याही किनाऱ्यावर असा महोत्सव असेल तर हा नियम कठोरपणे पाळला गेला पाहिजे : रात्री टोपली पाहायची, पिल्लं आली असतील तर तेव्हाच, जागा बदलून सोडायची. पाहुण्यांना जेवढी दिसतील तेवढी दिसतील. तक्रार करणारा पाहुणा परवडतो.

हात लावू न देणं, फ्लॅश न मारणं, दोरीच्या मागे उभं राहणं, हे नियम वेळासच्या निमित्ताने हजारो लोकांना पहिल्यांदा कळले. गर्दी वाढली की ते मोडतात हेही खरं. दोरी धरून उभ्या असलेल्या गावातल्या पोराने शहरातल्या साहेबाला ‘मागे व्हा’ म्हणणं, आणि साहेबाने ते ऐकणं, ही माझ्या दृष्टीने किनाऱ्यावरची फार चांगली घटना आहे.

एका गावातून किनाऱ्यावर

वेळासची पद्धत पाहून इतर गावं पुढे आली : केळशी, आंजर्ले, कोळथरे, गुहागर, रायगडात हरिहरेश्वर, दिवेआगर, सिंधुदुर्गात वायंगणी, तांबळडेग. चिपळूणच्या संस्थेने काम हळूहळू गावांच्या आणि वनविभागाच्या हाती दिलं. पुढे राज्याचा कांदळवन कक्ष आणि त्याचं प्रतिष्ठान यांनी कासवमित्रांना मानधन, प्रशिक्षण देण्याची घडी बसवली. सुरुवात करणाऱ्याने वेळेवर बाजूला होणं आपल्याकडे दुर्मीळ आहे, म्हणून त्याची नोंद करतो.

किनाऱ्यावर अंडी वाचली तरी पाण्यात मोठी कासवं जाळ्यांत मरतात. डिसेंबर २०१८ मध्ये राज्याने योजना आणली की जाळ्यात अडकलेलं कासव किंवा दुसरा संरक्षित जीव सोडवण्यासाठी मच्छीमाराने जाळं कापलं तर त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळावी. जाळं म्हणजे मच्छीमाराची शेती. ते कापायला सांगताना भरपाईची भाषा आधी करायला हवी होती, ती उशिरा का होईना झाली. विद्या आहे त्याचा मान राखा आणि नुकसान होतं त्याची भरपाई द्या, हा वेळासचाच धडा बोटीवर नेला गेला.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. मंडणगड, दापोली, श्रीवर्धन भागातल्या पिढ्यांनी वाढवलेल्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा उभी करायला वर्षं लागतात. अशा काळात हंगामापुरतं का होईना, घरात पाहुणा येणं म्हणजे काय, हे वाडीत राहणाऱ्यालाच विचारावं. वादळानंतरच्या हिवाळ्यात किनाऱ्यावर येण्याऐवजी कासवमित्र आपली वाडी साफ करत बसले असते तरी त्यांना कोणी बोल लावला नसता.

पुळणीवरचे धोके तर वेगळेच. धूप थांबवायला घातलेला दगडी बंधारा मादीला वर चढू देत नाही. भरतीच्या रेषेपर्यंत लावलेल्या सुरूच्या मुळ्या तिला खणू देत नाहीत. जिथे मर्यादावेल वाळू धरून असते तिथे मादी आजवर चढत आली आहे, आणि नेमकी तीच जागा सपाट करून बाक, दिवे, गाड्यांचा तळ केला जातो. दिव्यांमुळे पिल्लं समुद्राऐवजी रस्त्याकडे वळतात. हॅचरी कितीही चांगली असली तरी मादीला पुळण हवी. माझ्या मते पुढच्या काळात कासवमित्राचं काम कुंपणाबाहेर जास्त असायला हवं : सुरक्षित असलेली घरटी हलवायचीच नाहीत, जागच्या जागी जाळी घालून त्यांची राखण करायची. काम वाढेल, कारण विखुरलेली घरटी राखणं एका कुंपणापेक्षा अवघड. पण माप चुकण्याचा धोका टळेल. मादीने निवडलेली जागा सहसा माणसाने निवडलेल्या जागेपेक्षा चांगली असते.

समुद्रातला माग

२५ जानेवारी २०२२ ला वेळासला अंडी घालून परतणाऱ्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारं यंत्र बसवलं. कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्था यांचा तो उपक्रम होता. या किनाऱ्यावरची पहिली म्हणून तिचं नाव प्रथमा. आंजर्ल्याला असंच यंत्र बसवलेल्या मादीला सावनी म्हटलं. प्रथमा उत्तरेकडे गुजरातच्या समुद्रात गेली. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली बागेश्री दक्षिणेला गेली, लंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. संदेश काही महिन्यांत बंद पडले, पण तेवढ्यात पुष्कळ कळलं. जी कासवं आपण ‘आपल्या किनाऱ्याची’ म्हणत होतो ती किती दूर जातात, ते पहिल्यांदा नकाशावर दिसलं.

आणि मग २७ जानेवारी २०२५ ला गुहागरला एक मादी अंडी घालायला आली. तिच्या पुढच्या वल्ह्यांवर धातूच्या खुणा होत्या, क्रमांक ०३२३३. तपास केला तेव्हा कळलं की १८ मार्च २०२१ ला ओडिशात गहिरमाथ्याला तिला ही खूण केली होती. सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा पल्ला, पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर. दोन्ही किनाऱ्यांची कासवं वेगळी आहेत, ती आपापल्या बाजूलाच राहतात, ही समजूत त्या रात्री डळमळली. आणि हे समजलं कारण कोणीतरी किनाऱ्यावर जागं होतं. मादी तासाभरात निघून जाते. वल्ह्यावरचा आकडा वाचायला तेवढाच वेळ मिळतो.

ऑलिव्ह रिडले अंडी घालण्याच्या वयात यायला दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ लागतो. वेळासच्या पहिल्या हंगामात, २००३ च्या सुरुवातीला, पाण्यात गेलेल्या पिल्लांपैकी जी कोणी वाचली असेल ती आज तेवढी मोठी आहे. तिच्या वल्ह्यावर क्रमांक नाही, तिला नाव नाही. ती याच पुळणीवर आली तर तिचा मागही बाकीच्यांसारखाच असेल : पाऊण मीटर रुंद, डावी खूण, मग थोडी पुढे उजवी. भरतीचं पाणी तो पुसायच्या आत कोणीतरी काठी घेऊन तिथे पोचायला हवं.